जुन्या घराच्या अंगणात नवी इमारत

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त करण्यात आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा जेथे सुरू केली, ती ही वास्तू. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे याबाबत जाहीरपणे कोणाचेच दुमत नव्हते. परंतु जागेच्या ताब्याचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाली निघाला, तोपर्यंत वाडा इतका मोडकळीस आला होता की, स्मारकासाठी हाती आली ती केवळ जागा. त्याआधी सात वर्षे, २०१६ मध्ये, मुंबईच्या मलबार हिलवरील ‘मेहरांगीर’ हा डॉ. होमी भाभा यांचा बंगला पाडला गेला. २०१४ च्या लिलावात तो ३७२ कोटी रुपयांना विकला गेला होता. त्याचे संग्रहालय व्हावे, ही अणुऊर्जा क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची मागणी न्यायालयापर्यंत जाऊनही फळाला आली नाही.

ही दोन्ही घरे परस्परांपासून सर्वार्थाने भिन्न होती. एक दाटीच्या पेठेतील, भाडेकरूंनी भरलेले. दुसरे समुद्राकडे पाहणारे, आलिशान. तरीही दोघांची अखेर सारखीच झाली. दोन्ही प्रकरणांत सार्वजनिक चर्चेला प्रामुख्याने दोनच टोके होती. घर जसेच्या तसे राखायचे आणि त्याचे स्मारक करायचे, किंवा ते पाडून जागा मोकळी करायची. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. जुने घर राखायचे आणि त्याच भूखंडाच्या उरलेल्या भागात मर्यादित नवे बांधकाम होऊ द्यायचे. शहरांतील बहुसंख्य जुनी घरे कोणा थोर पुरुषाच्या नावाशी जोडलेली नाहीत, त्यांचे स्मारक कोणी करणार नाही आणि ती विकत घेण्याइतका पैसा कोणत्याही महापालिकेकडे नाही. अशा घरांपुढे वस्तुतः हा तिसरा मार्गच शिल्लक राहतो. म्हणूनच तो नेमका कसा आखायचा, त्याची किंमत कोणी मोजायची आणि त्याच्या आडून जुने घरच गिळंकृत होणार नाही याची हमी कशी मिळवायची, हे प्रश्न आज महत्त्वाचे ठरतात.

नियमांत तरतूद आहे

हा मार्ग नवा नाही, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. शहराच्या विकास नियंत्रण नियमांतच वारसा वास्तूंना संरक्षण देण्याचा देशातील तो पहिला मोठा प्रयत्न. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर तीन श्रेणींत विभागले गेले. श्रेणी एकमधील वास्तूंना मजबुतीकरणापलीकडे सहसा हात लावता येत नाही. श्रेणी दोनचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पोटभाग आहेत. त्यांपैकी ‘दोन-ब’ वास्तूंच्या बाबतीत विशिष्ट परिस्थितीत त्याच भूखंडावर किंवा आवारात जादा इमारत उभारण्यास मुभा आहे. ती इमारत मूळ वास्तूशी, विशेषतः उंची आणि दर्शनी भाग यांच्या दृष्टीने, सुसंगत असली पाहिजे एवढीच अट. श्रेणी तीनमध्ये तर अंतर्गत-बाह्य बदल, विस्तार आणि आवारातील नव्या इमारती या साऱ्यांना बऱ्याच अंशी वाव ठेवलेला आहे. मुंबईचा सध्याचा विकास आराखडा २०१८ पासून अमलात आला, तेव्हा त्याच्या नियमावलीतही ही श्रेणीरचना कायम राहिली. उर्वरित महाराष्ट्रातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाचे स्वतंत्र नियम आहेत.

म्हणजे कायद्याने दार उघडेच ठेवले आहे. अडचण आहे ती त्या दाराच्या उंबरठ्यावरील दोन शब्दप्रयोगांत. पहिला ‘सुसंगत’. दोन मजली बंगल्यामागे सहा मजली इमारत सुसंगत की विसंगत? बारा मजली? रंग आणि कमानी सारख्या केल्या म्हणजे सुसंगती साधते काय? नियम याचे उत्तर देत नाही. ते समितीच्या सदस्यांच्या विवेकावर सोडतो. दुसरा शब्दप्रयोग अधिक घातक. श्रेणी तीनची वास्तू कमकुवत किंवा धोकादायक झाली असेल, आगीने वा आपत्तीने हानी झाली असेल, अथवा अनुज्ञेय चटईक्षेत्र वापरण्यासाठी पुनर्बांधणीवाचून अन्य पर्यायच नसेल, तर ती पाडून नव्याने बांधता येते. चटईक्षेत्र वापरण्याचा हक्क हे वास्तू पाडण्याचे कारण होऊ शकते, असे नियमच सांगत असेल, तर मालकाने आणि विकासकाने अन्य पर्याय शोधण्याचे कष्ट का घ्यावेत?

याला जोड मिळाली ती उपकरप्राप्त इमारतींच्या सवलतींची. १९९९ मधील दुरुस्तीने श्रेणी तीनमधील उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास मोठ्या प्रमाणात वारसा समितीच्या छाननीतून मोकळा झाला. दक्षिण मुंबईतील जुनी घरे आणि चाळी बहुतांशी याच वर्गातील. परिणामी यादीत नाव आहे, पण संरक्षण नाही, अशी एक विचित्र अवस्था निर्माण झाली. गिरगावातील खोताची वाडी हे तिचे ठळक उदाहरण. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी वसविलेली, लाकडी जिने आणि व्हरांड्यांची ही वसाहत. तेथे एके काळी सुमारे ६५ घरे होती. आज ती तिशीच्या आत आली आहेत. परिसराला वारसा दर्जा असतानाच ही घट होत राहिली.

चटईक्षेत्राचा हिशेब

या प्रश्नाची चर्चा बहुधा भावनेच्या पातळीवर होते. हिशेब क्वचितच मांडला जातो. उदाहरणादाखल मुंबई शहरातील एक हजार चौरस मीटरचा भूखंड घेऊ. त्यावर दोन मजली बंगला असून त्याचे एकूण बांधकाम ४०० चौरस मीटर आहे, असे समजू. शहर विभागातील मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजेच एफएसआय, १.३३ आहे. तेव्हा या भूखंडावर १,३३० चौरस मीटर बांधकाम होऊ शकते. बंगला राखला तर त्यातून ४०० वजा जाऊन ९३० चौरस मीटर उरतात. म्हणजे बंगला राखल्याने मालकाचा सारा हक्क बुडतो, हा समज मुळातच चुकीचा आहे. त्याचे खरे नुकसान म्हणजे ४०० चौरस मीटर जुन्या जागेची किंमत आणि तितक्याच नव्या जागेची किंमत यांतील फरक, शिवाय आराखडा आखताना येणारी अडचण. हे नुकसान लहान नाही. पण ते भरून काढण्याजोगे आहे.

आता हे उरलेले ९३० चौरस मीटर मागील अंगणात बांधायचे झाले आणि एका मजल्याला दीडशे चौरस मीटर जागा मिळाली, तर सुमारे सहा मजली इमारत उभी राहते. दोन मजली बंगल्यामागे, पुरेसे अंतर राखून, सहा मजले ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सहन होण्यासारखी आहे. परंतु मुंबईत १.३३ वर कोणी थांबत नाही. अधिमूल्य भरून मिळणारे चटईक्षेत्र, बाहेरून आणलेला टीडीआर, सवलतीचे क्षेत्र अशी भर पडत जाते. भूखंड उपकरप्राप्त असेल तर पुनर्विकासाला ३ किंवा त्याहूनही अधिक निर्देशांक मिळतो. त्याच भूखंडावर तीन हजार चौरस मीटर बांधायचे म्हटले की, मागील अंगण पुरत नाही, सहा मजल्यांचे सतरा होतात आणि ‘बंगला पाडण्यावाचून पर्याय नाही’ हे वाक्य कागदोपत्री खरे ठरते. तात्पर्य, शासनाने एफएसआय वाढविण्याचा घेतलेला प्रत्येक निर्णय हा वारसा यादीवरील अप्रत्यक्ष आघात असतो. एका हाताने वास्तू यादीत घालायची आणि दुसऱ्या हाताने ती पाडण्याचे बक्षीस वाढवीत न्यायचे, ही विसंगती आपल्या नगरनियोजनात गेली तीन दशके नांदते आहे.

एकाच भूखंडावर जुने आणि नवे यांच्या सहअस्तित्वाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वांद्र्याच्या बँडस्टँडवर आहे. चित्रपट अभिनेते शाहरुख खान यांचा ‘मन्नत’ हा बंगला श्रेणी तीनमधील वारसा वास्तू. मूळ बंगल्याला धक्का न लावता त्याच्या मागे सहा मजली जोडइमारत बांधली गेली. तीवर आणखी दोन मजले चढविण्याच्या प्रस्तावाला सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये मान्यता दिली आणि ते प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. कायदेशीर वादाचे गुणदोष बाजूला ठेवले तरी या उदाहरणातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, मालकाची इच्छा आणि ऐपत असेल तर जुने घर राखूनही गरजेपुरते नवे बांधता येते. दुसरी, मागील इमारतीची उंची ही एकदा ठरवून संपणारी बाब नव्हे. आज सहा, उद्या आठ. प्रत्येक वाढ स्वतंत्रपणे पाहिली तर किरकोळ वाटते. एकत्रित परिणाम कोणीच मोजत नाही.

पाया, पार्किंग आणि पाणी

मागील अंगणात बांधकाम करणे नकाशावर जितके सोपे दिसते तितके प्रत्यक्षात नसते. जुनी घरे बहुधा चुन्यात बांधलेल्या दगडविटांच्या भिंतींवर किंवा सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभी असतात. त्यांचा पाया उथळ असतो. शेजारी दोन मजले खोल तळघर खणले, खडक फोडला, भूजल उपसले की या भिंती खचतात, त्यांना तडे जातात. मग ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ होते, इमारत अतिधोकादायक ठरते आणि महापालिकेची नोटीस लागते. बंगला राखण्याच्या अटीवर परवानगी घेतलेल्या प्रकल्पात बंगलाच धोकादायक ठरावा, यासारखा विरोधाभास नाही.

दुसरी अडचण वाहनांची. नव्या सदनिकांसाठी वाहनतळ सक्तीचा. उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाचा बंब फिरेल अशी सहा मीटर रुंदीची मोकळी जागा आवश्यक. ही जागा कोठून येणार? अर्थातच बंगल्याच्या समोरील बागेतून, जुन्या झाडांतून, कधी फाटक आणि पोर्च यांतून. घर उभे राहते; पण त्याचे आवार नाहीसे होते आणि पायरीपर्यंत सिमेंटचा गिलावा येतो. वारसा म्हणजे केवळ चार भिंती, असे मानणाऱ्या यंत्रणेला यात काही गमावल्यासारखे वाटत नाही. वास्तविक जुन्या घराचे सौंदर्य त्याच्या भोवतालच्या अवकाशातही असते. वाड्यातून चौक काढून टाकला तर ओसरी, सोपा, माजघर या रचनेला अर्थच उरत नाही. उजेड, वारा आणि घरातील माणसांचा वावर या साऱ्यांचे केंद्र तो चौक असतो.

तिसरी बाब दुरुस्तीच्या पद्धतीची. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतील ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून पोखरत जाते. लाकडी तुळईची टोके भिंतीत जेथे रुतलेली असतात तेथे पाणी मुरते आणि वरून सुस्थितीत दिसणारे छप्पर एके दिवशी बसते. ही कामे जाणणारे गवंडी आणि सुतार आज शोधावे लागतात. नवी इमारत बांधणारा ठेकेदारच ‘जाता जाता’ जुने घर दुरुस्त करील, ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते. त्यासाठी स्वतंत्र संवर्धन वास्तुविशारद, स्वतंत्र अंदाजपत्रक आणि स्वतंत्र वेळापत्रक लागते.

मालक आणि भाडेकरू

जतनाचा आग्रह धरणाऱ्यांनी एका वस्तुस्थितीकडे डोळेझाक करू नये. जुन्या घराचा मालक हा प्रत्येक वेळी लोभी नसतो आणि भाडेकरू हा प्रत्येक वेळी अडवणूक करणारा नसतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तरी जुन्या निवासी भाडेकरूंच्या बाबतीत मूळ परिस्थिती फारशी पालटली नाही. जेथे वर्षभराच्या भाड्यात छपरावरची कौलेही बदलता येत नाहीत, तेथे मालकाने सागवानी जिना जतन करावा ही अपेक्षा न्याय्य नाही. १९६९ च्या कायद्याने उपकर आकारून इमारती दुरुस्त करण्याची जबाबदारी शासनाने घेतली. पण ती दुरुस्ती मुख्यतः इमारत पडू नये यासाठीची. वारसामूल्य हा तिचा विषयच नव्हता.

दुसऱ्या बाजूला एकाच स्वच्छतागृहाकडे धावणारी चार कुटुंबे, चढता न येणारा जिना, पावसाळ्यात गळणारे माळे या हालअपेष्टा खऱ्या आहेत. २०१२ मध्ये मुंबईच्या वारसा यादीत नऊशेहून अधिक नव्या वास्तू आणि परिसर घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातील रहिवाशांनीच त्याला कडाडून विरोध केला होता. आपल्या घराला वारसा दर्जा मिळणे हा सन्मान न वाटता शिक्षा वाटली, याचा दोष केवळ रहिवाशांच्या अनास्थेला देता येणार नाही. दर्जासोबत निर्बंध येतात हे त्यांना दिसत होते. निर्बंधांची भरपाई कधी आणि कशी मिळणार हे कोणी सांगत नव्हते.

पुण्याच्या पेठांत हा पेच आणखी निराळ्या रूपात दिसतो. जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे शेकडो वाडे कोसळले आणि तेथे पुढे इमारती आल्या. उरलेल्यांपैकी शनिवारवाड्याच्या भोवतालचे वाडे केंद्रीय पुरातत्त्व कायद्याच्या कात्रीत आहेत. २०१० मधील दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. परंतु मालकाला हवी असते ती पुनर्बांधणी. तेव्हा तो दुरुस्तीही करीत नाही आणि वाडा पडण्याची वाट पाहात राहतो. एका स्मारकाच्या रक्षणासाठी केलेला नियम त्याच्या भोवतालच्या जुन्या वस्तीला, आर्थिक मदतीची जोड नसल्यामुळे, जीर्ण करीत आहे.

टीडीआर हे उत्तर आहे काय?

या भरपाईसाठी हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे टीडीआरची, कल्पना नियमांत आहे. वारसा निर्बंधांमुळे जे चटईक्षेत्र जागेवर वापरता येत नाही, ते प्रमाणपत्राच्या रूपाने मालकाला मिळते आणि ते अन्यत्र विकता येते. वरील उदाहरणातील ९३० चौरस मीटर अंगणात न बांधता विकून टाकायचे, मिळालेल्या पैशातून बंगला दुरुस्त करायचा आणि बागही राखायची. जतनाच्या दृष्टीने याहून उत्तम मार्ग नाही. शिवाय नियमावलीत वारसा वास्तूच्या निवासी भागाचा व्यापारी वापर करू देण्याची सवलत आहे. दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी उभारण्याचीही तरतूद आहे.

मग हे मार्ग मोठ्या प्रमाणावर का वापरले जात नाहीत? एक तर टीडीआर हे बाजारात विकले जाणारे कागद आहेत. त्यांचा भाव चढतो आणि पडतो. शासन एकीकडे अधिमूल्य घेऊन थेट चटईक्षेत्र विकू लागले की विकासकाला टीडीआर घेण्याची निकड राहात नाही. झोपडपट्टी पुनर्वसन, रस्ते, आरक्षणे अशा अनेक वाटांनी टीडीआर बाजारात येत असताना वारसा वास्तूच्या मालकाचा छोटासा हिस्सा त्या गर्दीत हरवतो. दुसरे, वाड्याला दहा वारस आणि बारा भाडेकरू असतील तर प्रमाणपत्र कोणाच्या नावाने निघणार, हा प्रश्न दिवाणी न्यायालयात जातो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टीडीआरचे पैसे वास्तूवरच खर्च होतील याची खातरजमा करणारी भक्कम यंत्रणा नाही. पैसे हातात पडले आणि घर तसेच गळत राहिले, तर हक्क विकला गेला तो कशाच्या मोबदल्यात?

परदेशातील दोन धडे

या संदर्भात न्यूयॉर्कचा अनुभव बोलका आहे. तेथील पेन स्थानकाची भव्य वास्तू १९६३ पासून पाडण्यात आली आणि त्या धक्क्यातून १९६५ मध्ये वारसा कायदा आला. १९७८ मध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे निर्बंध वैध ठरविले. विकास हक्क अन्यत्र हलविण्याची सोय मालकाला होती, ही बाबही न्यायालयाने विचारात घेतली. त्याच सुमारास मॅडिसन अॅव्हेन्यूवरील ‘व्हिलार्ड हाऊसेस’ या १८८० च्या दशकातील घरांच्या मागे सुमारे पन्नास मजली हॉटेल उभे राहिले. मूळ योजनेत आतील सुप्रसिद्ध सुवर्ण दालनही जाणार होते. लोकांनी विरोध केला, वाटाघाटी झाल्या, दालन वाचले आणि घरांच्या मधला चौक हॉटेलचे प्रवेशद्वार म्हणून राहिला. पण मागील भाग पाडावाच लागला. आजही त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला ती घरे दिसतात. त्यांच्या डोक्यावरचा मनोराही दिसतो. तडजोड फुकट मिळत नाही, हा त्यातील धडा.

इंग्लंडची पद्धत निराळी. तेथे एरवी नाकारले गेले असते असे बांधकाम, केवळ जुनी वास्तू वाचविण्याचा खर्च निघावा म्हणून, अपवादाने मंजूर करता येते. मात्र त्याच्या अटी काटेकोर आहेत. दुरुस्तीला किती पैसे लागतात आणि त्यात किती तूट आहे, हे हिशेबाने सिद्ध करावे लागते. ती तूट भरून निघेल तेवढेच, त्याहून एक खोलीही अधिक नाही, असे नवे बांधकाम मंजूर होते. त्या बांधकामाने मूळ वास्तूच्या परिसराला बाधा येता कामा नये आणि मिळालेला पैसा दुरुस्तीतच जाईल यासाठी कायदेशीर करार केला जातो. आपल्याकडे उलट आहे. आधी चटईक्षेत्राचा कमाल आकडा ठरतो आणि मग त्यात जुने घर बसते का, हे पाहिले जाते. इंग्लंडमध्ये घराची गरज आधी मोजली जाते आणि तीवरून नव्या बांधकामाचा आकडा ठरतो. दोन पद्धतींतील खरा फरक या क्रमात आहे.

करण्याजोगे काय?

यावरून काही सूत्रे निघतात. त्यांसाठी नवा कायदा लागेलच असे नाही. बहुतेक गोष्टी विद्यमान नियमावलीत दुरुस्ती करून साधता येतील.

पहिले, दुरुस्ती आधी आणि विक्री नंतर. नव्या इमारतीची परवानगी टप्प्याटप्प्याने दिली जातेच. प्रारंभ प्रमाणपत्राचा पुढील टप्पा जुन्या घराच्या दुरुस्तीच्या टप्प्याशी जोडावा आणि ते पूर्ण झाल्याखेरीज नव्या सदनिकांना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. विकासकाला जे कळते ते वेळापत्रक आणि पैसा. जतनाची अट त्याच भाषेत घातली तरच ती पाळली जाईल.

दुसरे, ‘अन्य पर्याय नाही’ या सबबीची छाननी व्हावी. वास्तू पाडण्याचा प्रस्ताव देणाऱ्याने ती राखून केलेला किमान एक पर्यायी आराखडा, खर्चाच्या हिशेबासह, सादर करणे बंधनकारक असावे. संरचनात्मक तपासणी मालकाने नेमलेल्या नव्हे, तर समितीने नेमलेल्या तज्ज्ञाकडून व्हावी आणि तिचे शुल्क मालकाने भरावे.

तिसरे, जाणूनबुजून केलेल्या हेळसांडीचा लाभ कोणाला मिळू नये. यादीतील घर मालकाच्या दुर्लक्षाने पडले तर त्या भूखंडावर जुन्या घराइतकेच, त्याच उंचीचे बांधकाम करता येईल, असा नियम केला तर भिंतीत पाणी मुरू देण्याचे प्रलोभन नाहीसे होईल. मात्र यासोबत शासनाने वेळेवर दुरुस्तीसाठी कर्ज, मालमत्ता करात सूट आणि नियमावलीत लिहिलेला दुरुस्ती निधी प्रत्यक्षात आणावा. दंड असेल आणि मदत नसेल, तर तो अन्याय होईल.

चौथे, घरासोबत आवाराचीही नोंद व्हावी. यादीत केवळ वास्तूचे नाव न लिहिता तिचा चौक, विहीर, मोठी झाडे, फाटक आणि रस्त्यावरून दिसणारे दृश्य यांचा नकाशा जोडावा. कोठे बांधता येणार नाही, हे आधीच स्पष्ट असेल तर कोठे बांधता येईल यावर वाद कमी होतील. मागील इमारतीची कमाल उंचीही त्याच नोंदीत एकदाच निश्चित करावी.

पाचवे, नव्या इमारतीच्या सहकारी संस्थेवर जुन्या घराच्या देखभालीचा वाटा कायमचा बसवावा. नव्या सदनिका विकल्या गेल्या, विकासक निघून गेला आणि पुढील पावसाळ्यात घराचे छप्पर गळू लागले, तर जबाबदार कोण? विक्रीच्या रकमेतून ठरावीक हिस्सा देखभाल निधीत ठेवणे आणि तशी तरतूद करारनाम्यात असणे, हे त्याचे उत्तर आहे.

सहावे, वारसा समितीने ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा आणि तो कारणांसह प्रसिद्ध करावा. समितीचे मत हे सल्लाच असते. अंतिम अधिकार आयुक्तांचा. तो सल्ला लोकांसमोर असेल तर आयुक्तांना तो डावलताना कारण द्यावे लागेल. ‘सुसंगत’ या शब्दाला अर्थ येईल तो अशाच निर्णयांच्या साठ्यातून.

या सूत्रांवर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील. काही जतनवाद्यांना अंगणातील नवी इमारत ही शरणागती वाटेल. त्यांचे म्हणणे निराधार नाही. व्हिलार्ड हाऊसेसच्या डोक्यावरील मनोरा त्याची साक्ष आहे. पण खोताची वाडीतील घटते घर आणि पेठांतील खचते वाडे पाहता, काहीही बांधू न देण्याच्या आग्रहाने आजवर फार थोडी घरे वाचली, हेही मान्य करावे लागेल. विकासकांना या अटी जाचक वाटतील. त्यांना एवढेच सांगता येईल की, ज्या भूखंडावर जुने घर आहे, तो भूखंड रिकामा नाही. तो घेताना त्याची किंमत त्या घरासह ठरवावी. अटी आधीपासून स्पष्ट असतील तर जमिनीचा भाव त्या अटी गृहीत धरूनच ठरेल. अनिश्चितता राहिली तरच पाडापाडीवर पैज लावणारा अधिक बोली लावतो.

मुंबईचा व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा त्यातील मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेच्या अनेक इमारतींत माणसे राहात होती आणि आजही राहतात. वारसा म्हणजे रिकामे, कुलूपबंद घर नव्हे, याचा तो पुरावाच. राहते घर राखायचे तर त्याचा खर्च निघेल अशी सोय हवी, आणि त्या सोयीला मर्यादाही हवी. मर्यादा कोठे घालायची हे प्रत्येक भूखंडापुरते ठरविण्याचे कष्ट महापालिका, मालक आणि रहिवासी या तिघांना घ्यावे लागतील. ते घेतले नाहीत, तर निर्णय पावसाळा घेईल, आणि तो कोणत्याही समितीचे ऐकत नाही.